मांडीतला आवतणकरी

साओ पाउलो, ९ मार्च २०१४

अखिलकुक्कुटकुलाधिपती, आले-कॉफी-उभयक्षेत्रपाल, माझ्या एकुलत्या एका बहिणीचे यजमान श्रीमान हेर्मिनियो लेम्के यांचे सेवेशी,

तक्रार सादर करतो, ती अशी. इलाजासाठी मी ज्या घरी भाड्याने राहतो, त्या घराच्या मालकीण दोना झुलेइदे यांनी माझ्या कॉफीच्या कपावर लाल नखपॉलिशचा ठिपका दिला आहे. ठिपक्याचा कप माझा, बिनठिपक्याचे जगाचे. बरे, कप तरी धड असावा! त्यावर ज्या फुटबॉल संघाचे चिन्ह आहे, त्याचे नाव आपल्या डोंगरावर शिवी म्हणून वापरतात. मी निषेध नोंदवला, तर म्हणाल्या, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यात जिवंत किडा सोडलाय ना, म्हणून आपलं."

"बाईसाहेब, तो किडा मांडीत आहे, तोंडात नाही."

"मग? मांडीतून तोंडाकडे जायला त्याला बस लागते का?"

धर्मविद्यालयात मी तीन मृत भाषा शिकलो. तिन्हींत मनातल्या मनात निषेध नोंदवून ठिपक्याची कॉफी प्यालो.

तू विचारले होतेस की हे लोक नेमके टोचतात तरी काय. मीही डॉक्टर इआरांना तेच विचारले. बाई लहानखुरी आहे, बोलते भराभरा. म्हणाली, "ताप उतरताना ओठावर फोड येतात ना, त्यांचा विषाणू."

"म्हणजे चोर घरात घ्यायचा?"

"चोरच. पण त्याची दोन जनुकं आम्ही कापून टाकलीत. निरोगी पेशीत आता त्याचा टिकाव लागत नाही. कर्करोगाच्या पेशीत मात्र तो वाढतो, वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. शिवाय माणसाचं एक जनुक त्याच्यात बसवलंय. पेशी फुटली की त्या जनुकानं बनवलेलं द्रव्य सांडतं, आणि शरीराचे पहारेकरी ते हुंगून धावत येतात. या, इथे या, इथे काम आहे!"

"हा तर आमचा आवतणकरी!" मी ओरडलोच. मग आपल्या डोंगरावरच्या लग्नांची सगळी कथा तिला सांगावी लागली: नवरीचा भाऊ अंगभर रंगीत फिती लावून घरोघर कसा जातो, आपल्या पोमेरानी बोलीत पद्य म्हणून बोलावणे कसे करतो, दर घरी उसाच्या काशासाचा एक घोट कसा घेतो आणि शेवटच्या घरी त्यालाच कसे उचलून न्यावे लागते. बाई खूप हसली. म्हणाली, हे मी वर्गात सांगणार.

विद्यालयातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हौसेने चार महिने संस्कृत घोकून घेतले होते, त्यातले एकच वाक्य माझ्याजवळ उरले आहे: विषस्य विषमौषधम्. विषाला विषच औषध. तेव्हा मला ते व्याकरणाचे उदाहरण वाटले होते.

या इलाजासाठी तुला नाकारले त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही. दोघे नुसत्या चड्डीवर शेजारी शेजारी उभे होतो, आठवते? डॉक्टरांनी माझ्या मांडीवरच्या काळ्या गाठींवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "वा, छान!" तुझी पाठ पाहिली, तर तीन वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा पांढरा वण सोडून एक डाग नाही. आजार आत यकृतात गेलेला, आणि तिथे ही सुई पोचवायची यांची तयारी नाही. तुझ्याहून कुरूप असल्याचे बक्षीस मला आयुष्यात प्रथमच मिळाले. घ्यायला हात पुढे होत नव्हता.

असो. टोचल्या दिवशी हुडहुडी भरते, ताप येतो, दोन दिवसांत जातो. गाठी आहेत तशाच आहेत. तू बर्टोच्या ट्रकमधून पाठवलेली अंडी पोचली. एकही फुटले नव्हते, याचे श्रेय कोंबड्यांना.

तुझा,
लाउरिंदो

.

पेद्रा ब्रांका, ३० मार्च

मास्तर,

तुझं पत्र एल्झीरानं मोठ्यानं वाचलं आणि मी हसलो तर खोकला आला, म्हणून तिनं जरा थांबून पुढचं वाचलं. बायको वाचताना मध्येच गप्प झाली की नवऱ्यानं काय समजावं? पाठीच्या जागेवर आली तेव्हा गप्प झाली. मी म्हटलं वाच की, माझीच पाठ आहे.

त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? आपल्या बापजाद्यांनी बर्फातलं कातडं जहाजात घालून आणलं आणि या उन्हात वाळत टाकलं. दीडशे वर्षं झाली, अजून वाळतंय. कुणाचं बाहेरून करपलं, कुणाचं आतून. तुला घेतलं, चांगलं झालं. दोघांना नाकारलं असतं तर परतीच्या प्रवासात तुझी लॅटिन ऐकून मी ट्रकमधून उडी मारली असती.

माझं बरं आहे. तीन-तीन आठवड्यांनी खाली विटोरियाला जाऊन केमोची सलाइन लावून येतो. जरा थकवा येतो, बाकी काही नाही. आल्याची काढणी गड्यांवर सोपवलीय. संध्याकाळी कॉन्सर्टिना वाजवत बसतो, कोंबड्या ऐकतात.

आता मुद्द्याचं. लुसिनेयाचं लग्न ठरलं. मुलगा देनिल्सन, टेशांच्या घरचा, तोच तो मोटारसायकलवाला, जो शाळेत तुझ्या तासाला झोपायचा. जुलैच्या शेवटच्या शनिवारी. एवढी घाई कशाला असं पोरीची आई म्हणते. मी म्हणतो, कॉफी उतरून झालेली असते, लोक मोकळे असतात, हीच वेळ.

आवतणकरी तू. पोरीला भाऊ नाही, मग मामाच. छापील पत्रिका वाटल्या तर लोक म्हणतील या घरात बोलावायला माणूस उरला नाही. आणि तू स्वतःच लिहिलंस की तुझ्या मांडीत एक आवतणकरी बसलाय. मग एकावर एक फुकट!

जुलैच्या सुरुवातीला ये. घोडं नको, देनिल्सन मोटारसायकलवर मागे बसवून फिरवेल. पद्य पाठ आहे ना? नसलं तर लॅटिनमध्ये म्हण, काशासाच्या तिसऱ्या घोटानंतर कुणाला फरक पडत नाही.

हेर्मिनियो

.

साओ पाउलो, २० एप्रिल, ईस्टर

श्रीमान कुक्कुटाधिपतींस,

भाचीचे लग्न ठरल्याचे वाचून मामाचे अंतःकरण भरून आले. देनिल्सन माझ्या तासाला झोपायचा, पण घोरायचा नाही. संसारात हा गुण लहान समजू नये.

तथापि, आवतणकऱ्याच्या पदासंबंधी एक वैधानिक अडचण नम्रपणे समोर ठेवतो. या इलाजाचे नियम फार कडक आहेत. टोचलेल्या जागांवर हवा न जाणारी पट्टी सतत पाहिजे. पट्टी हातमोजे घालून बदलायची आणि वेगळ्या पिशवीत बांधून टाकायची. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ज्या बायका गरोदर आहेत, त्यांच्यापासून सांभाळायचे. आता तूच विचार कर. आवतणकरी म्हणजे घरोघर शिरणारा, मिठ्या मारणारा, पाळण्यातल्या पोराचे गाल ओढणारा माणूस. दर घरची बाई त्याच्या कोटाला फीत बांधते. आणि तुझी सलाइन चालू, म्हणजे तुझीही प्रतिकारशक्ती कोंबडीच्या पिलाएवढी. मी तुझ्या अंगणात पाऊल टाकणे हाच मुळी प्रमाद ठरेल.

सबब, दुसरा कोणी शोधावा. देनिल्सनचा थोरला भाऊ आहे, त्याचा आवाज मोठा आहे. लग्नाला यायचे की नाही, हेही डॉक्टरांना विचारावे लागेल.

गाठींचे म्हणशील तर चालले आहे.

इथे फुटबॉलच्या विश्वचषकासाठी रस्ते हिरवे-पिवळे रंगवत आहेत. दोना झुलेइदे यांनी माझ्या खोलीच्या दारावरही रंग मारला आणि म्हणाल्या, "जर्मनी आली तर तुम्ही कुणाच्या बाजूनं?" मी म्हटले, आम्ही पोमेरानी, बाल्टिक समुद्राकाठचा आमचा जर्मनभाषी देश नकाशावरून पुसला गेला, त्यामुळे आम्ही हरूच शकत नाही.

लाउरिंदो

.

पेद्रा ब्रांका, १८ मे

मास्तर,

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा नाही.

परवा विद्यापीठाची कातडी तपासणारी मंडळी देवळाच्या दालनात आली होती. नेहमीसारखी रांग, सगळे लाल मानेचे, टोप्या हातात. त्यांच्यातल्या एका डॉक्टरणीला मी विचारलं, असा असा इलाज चाललेला माणूस लग्नघरी आला तर? ती म्हणाली, जखम झाकलेली ठेवा, तिथला पाझर कुणाच्या हाताला लागू देऊ नका, तुमच्यासारख्यानं त्याची पट्टी बदलू नये. बस. मिठी मारली तर चालेल का? म्हणाली, मारा की.

मास्तर, मी तुला आवतण द्यायला बोलावतोय. तुझी मांडी चाटायला नाही.

मग मी विचार करत बसलो. तू नियमाच्या आड लपतोयस, तर कशापासून? आणि मला कळलं. तू लिहितोस "आहेत तशाच", "चालले आहे". तू माणूस असा, की नखाला खरचटलं तरी दोन पानं लिहिशील. आणि गाठींबद्दल एक ओळ? इलाज लागू पडत नाहीये. खरं ना? तू मरतोयस आणि आमच्यापासून लपवतोयस, पोरीच्या लग्नात विघ्न नको म्हणून.

एल्झीरा परसात जाऊन रडून आली. तुझा एक निळा सदरा इथे राहिला होता. तो घेऊन ती म्हाताऱ्या आल्विनाकडे गेली. आल्विनानं सदऱ्यावर क्रूस काढून, मंत्र म्हणून, फुंकर घातली. माहीत आहे, तू शिकलेला माणूस, या फुंकरीवर तू वर्गात भाषण दिलं होतंस. तरी घाल. तुझ्या बहिणीनं उन्हातून चालत नेलाय. बर्टोबरोबर पाठवतोय, अंड्यांच्या वरच्या थरात आहे.

आणखी एक. देवळात दर रविवारी आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना होते. गेले तीन महिने माझं नाव घेत होते. मी पाद्रीबुवांना म्हटलं, माझं काढा, लाउरिंदोचं घाला. ते म्हणाले, दोघांचं घेऊ. मी म्हटलं, नको, एकाच घरातल्या दोघांसाठी मागितलं तर देवाला आपण हावरट वाटू. गेल्या रविवारी सगळ्या मंडळीनं तुझ्यासाठी उभं राहून प्रार्थना केली. पितळी वाद्यंही वाजवली. चांगली वाजली, तुला आवडली असती.

खरं काय ते लिही. मला सांगायला लाजू नकोस. मला नाही तर कुणाला सांगणार?

हेर्मिनियो

.

साओ पाउलो, ८ जून

हेर्मिनियो,

सदरा पोचला. दुसरे बटण सैल आहे, ते एल्झीराचे शिवणकाम नसावे. घातला आहे.

मी मरत नाहीये. हे शब्दशः घ्यावे, त्यात अलंकार नाही. पाद्रीबुवांना सांगून माझे नाव काढून टाक आणि तुझे पुन्हा घाल. कृपा करून या रविवारीच.

बाकी सविस्तर पुढे लिहीन. आज लिहिणे जमत नाही.

लाउरिंदो

.

पेद्रा ब्रांका, २९ जून

मास्तर,

"मी मरत नाहीये" म्हणे! माझे वडीलही हेच म्हणत होते, उशीवर डोकं ठेवून. एवढंसं पत्र तू जन्मात लिहिलं नव्हतंस. मी समजलो. आता पुन्हा विचारणार नाही.

नाव काढणार नाही. पाद्रीबुवांनी विचारलं तर मी म्हटलं, असू द्या, तो भिडस्त आहे.

आवतणकऱ्याची काळजी करू नकोस, सोय झालीय.

हेर्मिनियो

.

पेद्रा ब्रांका, १३ जुलै

लाउरिंदो मामा,

हे पत्र मी लिहितेय ते पप्पांना माहीत नाही. मम्मीलाही नाही. बर्टोकाकांना शपथ घातलीय.

आवतणकऱ्याची काय सोय झाली ते तुम्हाला कळायला हवं. पप्पा स्वतःच निघाले. नवरीचा बाप! असं डोंगरावर कधी कुणी ऐकलंय का? देनिल्सनचा भाऊ तयार होता. पण पप्पा म्हणाले, "परक्या घरचा माणूस माझ्या पोरीच्या लग्नाला बोलावणार? मामाची जागा आहे, मामा येत नाही तोवर मी सांभाळतो." स्वतःच्या लग्नातला काळा कोट कपाटातून काढला. तो अंगावर असा लोंबत होता, की मम्मीनं पाठीमागून पिना लावल्या. देनिल्सन पुढे, पप्पा मागे, मी माझ्या स्कूटरवर त्यांच्या मागे, कारण मला वाटलं, पडले तर उचलायला कुणी हवं.

पहिलंच घर दोना फ्रीडांचं. त्या दारातच म्हणाल्या, "काय रे हेर्मिनियो, पोरीला भाऊ नाही हे माहीत आहे, पण मामासुद्धा नाही?"

पप्पा म्हणाले, "मामा आजारी आहे. फार आजारी. त्याच्या वतीनं आलोय."

"अरे देवा! आणि तू?"

"मी? मी ठणठणीत!"

डोळे हळदीसारखे पिवळे, मामा. हळदीसारखे. दोना फ्रीडांनी माझ्याकडे पाहिलं, मी चप्पल बघत बसले. मग पप्पांनी आवतणाची काठी आपटली आणि सगळं पद्य म्हटलं, एक ओळ न चुकता, गाईला येऊ द्या आणि कोंबडीला येऊ द्या आणि म्हातारीला नाचू द्या, ते सगळं. त्या हसत हसत रडत होत्या. फीत बांधली. काशासा ओतली. पप्पांना तर एक थेंब चालत नाही. त्यांनी पेला वर धरला, म्हणाले, "लाउरिंदोच्या नावानं!" आणि पेला देनिल्सनला दिला.

दर घरी हेच. दर घरी तुमच्या नावानं. सहाव्या घरापर्यंत देनिल्सनला मोटारसायकल उभी करता येईना. तो म्हणाला, "सासरेबुवा, मामांची तब्येत सुधारली असेल हो आतापर्यंत, एवढी मी प्यायलोय!" पप्पा एवढे हसले की कुंपण धरून खाली बसले. मग उठता येईना. तिथून पुढची घरं दुसऱ्या दिवशी केली, आणि त्याच्या पुढची तिसऱ्या दिवशी. पण सगळी केली.

विटोरियाच्या डॉक्टरांनी मे महिन्यातच सलाइन बंद केली. उपयोग नाही म्हणाले. पप्पांनी तुम्हाला लिहिलं नसणार. त्यांना आधीपासूनच कल्पना होती; लग्न जुलैत का, ते आता तुम्हाला कळलं असेल. कॉफीबिफी काही नाही.

आणि आता एक गोष्ट, जी लिहायला मला लाज वाटते, आणि ती तुमची वाटते. बर्टोकाका म्हणाले, "तुझे मामा? घोडा आहे घोडा! अंड्यांचे चार ट्रे एकदम उचलून जिन्यावरून पळत वर गेले. वर जाऊन मला हाक मारली, ती मात्र सावकाश, कण्हत." का कण्हलात मामा? बर्टोकाकांसाठी कण्हलात, की ते इथे येऊन सांगतील म्हणून?

मी पप्पांना सांगितलेलं नाही. सगळं गाव तुमच्यासाठी उभं राहून प्रार्थना करतंय. मी पण उभी राहते.

लुसिनेया

.

साओ पाउलो, २० जुलै

हेर्मिनियो,

हे पत्र एल्झीराला वाचायला देऊ नकोस, स्वतः वाच. लुसीने मला लिहिले. तिला रागावू नकोस. रागवायचे तर माझ्यावर रागाव, तुझ्याकडे भरपूर कारण आहे. मी आता सगळे सांगतो.

मी बरा होत आहे. एप्रिलमध्ये, ईस्टरचे पत्र लिहिले तेव्हाच मांडीवरच्या मोठ्या गाठी सुजून मऊ झाल्या होत्या आणि लहान होऊ लागल्या होत्या. मेच्या अखेरीस शेवटची गेली. तिच्या जागी गुलाबी कातडी आहे, भाजून नुकत्याच बऱ्या झालेल्या जागेसारखी. जांघेत एक गाठ होती, तिला सुई कधी लागलीच नव्हती. तीही गेली. डॉक्टर इआरा विद्यार्थ्यांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघा, आवतण लांबच्या घरीसुद्धा पोचलं." सगळी पोरे माझ्या मांडीकडे वाकून पाहत होती. एकीने टाळ्या वाजवल्या. पुढे काय होईल ते कुणी लिहून देत नाही, परत येऊही शकते म्हणतात. पण आज माझ्या अंगावर काही नाही.

मी काय केले असेन असे तुला वाटते? कपडे घातले आणि बाहेर बाकावर येऊन बसलो. शेजारी एक शेतकरी बसला होता, आतल्या कुठल्यातरी गावचा, टोपी गुडघ्यावर. त्याला त्याच दिवशी नाकारले होते. कातडी स्वच्छ, आजार फुफ्फुसात. त्याने मला विचारले, "तुमचं कसं काय?" मी म्हटले, "चाललंय." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने माझे सांत्वन केले, हेर्मिनियो, आणि मी ते घेतले.

तेच उत्तर मी तुलाही देत होतो. नियम होते, पण तुझ्या डॉक्टरणीने सांगितले तेवढेच होते. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. आवतणकरी होऊन मी दारोदार गेलो असतो आणि दर घरची बाई म्हणाली असती, "मास्तर, काय छान दिसताय!" आणि तू ओट्यावर बसून ते ऐकले असतेस. मला ते होईना. म्हणून मी विषाणूला पुढे केले. मग तू मला मरणाला टेकलेला समजलास, आणि एक ओळ सोडली तर मी तेही तसेच राहू दिले. तो समज मला सोयीचा होता. मरणारा मेहुणा असणे बऱ्या होणाऱ्या मेहुण्यापेक्षा सोपे होते. पाद्रीबुवांना दोन ओळी मीच लिहू शकलो असतो. लिहिल्या नाहीत. बर्टोसमोर कण्हलो, तेही खरे आहे. दर रविवारी तुझ्या वाट्याची प्रार्थना माझ्या नावावर जात होती आणि मी तुझ्या कोंबड्यांची अंडी खात होतो.

तू माझी जागा सांभाळलीस, काळा कोट पिना लावून. माझ्या नावाने पेला धरलास. हे वाचल्यावर मी दोना झुलेइदे यांना विचारले, बाई, माणूस बरे झाल्याबद्दल माफी कुणाकडे मागतो? त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "बरं झाल्याबद्दल नाही मागायची. न गेल्याबद्दल मागायची. बॅग भरलीय का?"

भरली आहे. हे पत्र जलद टपालाने पुढे पाठवतो. बर्टो मंगळवारी रिकामा ट्रक घेऊन परत निघतो, मी त्याच्याबरोबर येतो. गुरुवारी पोचेन. घरे तू केलीस, आता आवतण द्यायला कोणी उरले नाही, हे मला कळते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, देवळात जाऊन मंडळीसमोर उभा राहीन आणि तू ऐकवू देशील तेवढे ऐकवीन. नाव बदलायचे ते मी स्वतः पाद्रीबुवांना सांगेन. लग्नात तुझ्या शेजारी बसेन, कॉन्सर्टिना तुझ्या मांडीवर जड झाली तर धरीन. एल्झीराला आधी सांगू नकोस, तिला मी सांगतो.

मला तुझ्या रागाची भीती वाटत नाही. तू शिव्या घातल्यास तर मी उभा राहून ऐकू शकेन, त्याची तयारी करूनच निघालो आहे. काळजी वेगळीच आहे. मी ट्रकमधून उतरलो की तू म्हणशील, "पाय दाखव." मी दाखवीन. तू त्या गुलाबी कातडीवर बोट ठेवशील, आणि तुला आनंद होईल. खराखुरा. मी तुला लहानपणापासून ओळखतो, तुला होईलच. तेव्हा मी कुठे पाहायचे, हे मला समजत नाही.

लाउरिंदो